रंग चोवीसने भागला जात नाही

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत राहणाऱ्या एकांनी १/२४ प्रमाणातल्या जपानी स्पोर्ट्स कारचं, भाग जोडून करायच्या प्लास्टिक मॉडेलचं किट आणलं आणि जुलै महिन्यात गॅलरीत उभं राहून टामिया कंपनीच्या टीएस या स्प्रे कॅनने बॉडीला लाल रंग मारला. वाळल्यावर छतावर आणि बॉनेटवर पांढुरकी, धुरकट झाक आली. दारांच्या रेषा अर्ध्याअधिक बुजल्या. चाकांवरच्या कमानींच्या कडांना मात्र खालचं प्लास्टिक उघडं दिसतंय. ही बॉडी वाचेल का, एअरब्रश (कंप्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं साधन) घेतल्याशिवाय खऱ्या गाडीसारखी चकाकी येणारच नाही का, आणि पुढे ट्रक करायचा आहे तर त्यात वेगळं काय, असं त्यांनी विचारलंय.

उत्तराआधी एक हिशेब मांडतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. किट बनवणाऱ्याने गाडीची प्रत्येक गोष्ट चोवीसने भागलेली असते. साडेचार मीटरची गाडी पावणेएकोणीस सेंटिमीटरची होते. दार आणि फेंडर यांच्यामधली चार मिलिमीटरची फट जेमतेम ०.१७ मिलिमीटर उरते. रंग मात्र कोणी भागत नाही. खऱ्या गाडीवर कारखान्यातून येणारा प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचं पारदर्शक वार्निश) यांचा मिळून थर साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा असतो. तेवढाच थर मॉडेलवर चढवला, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात ते अडीच-तीन मिलिमीटरचं गिलाव्याचं काम झालं. फटीच्या दोन्ही भिंतींवर ०.०५ मिलिमीटर रंग बसला, की ०.१७ ची फट ०.०७ वर येते. तुमच्या दारांच्या रेषा अशाच बुजल्या. मेटॅलिक रंगाचंही तेच. गॅरेजमधल्या मेटॅलिक रंगातला ४० मायक्रॉनचा चमकता कण मॉडेलवर जवळजवळ एक मिलिमीटरच्या टिकलीएवढा ठरतो, म्हणून मोठ्या गाडीचा सिल्व्हर छोट्या गाडीवर मारला की ती खेळण्यातली दिसते. धुळीचा अर्ध्या मिलिमीटरचा तंतू म्हणजे छतावर पडलेली बारा मिलिमीटरची काडी.

म्हणून मॉडेल रंगवणारा सगळी खटपट रंग कमीत कमी कसा बसेल यासाठी करतो. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. चकाकी हवी म्हणून तो एकावर एक हात मारत सुटतो, आणि गाडी पाकात घोळलेल्या जिलबीसारखी दिसू लागते. चकाकी येते ती पृष्ठभाग सपाट असल्यामुळे, थर जाड असल्यामुळे नव्हे.

आता धुरकट झाक. टीएस हा लॅकर, म्हणजे झटकन उडणाऱ्या थिनरचा रंग. ते थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असली की त्या थंड पृष्ठभागावर बाष्प बसतं, ते ओल्या रंगात अडकतं आणि वाळल्यावर पांढुरकं दिसतं. डोंबिवलीत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, तेव्हा हे व्हायचंच होतं. कॅनमधला दाबाखालचा वायूही बाहेर पडताना थंड होतो, त्यामुळे स्प्रे कॅनला हा त्रास एअरब्रशपेक्षा जास्त. एक साधा आर्द्रतामापक घेऊन ठेवा, फार महाग नसतो. सत्तर टक्क्यांच्या वर काटा असेल तर चकचकीत रंगाच्या वाटेला जायचं नाही, असा माझा नियम आहे. त्या दिवसांत इंजिन, सीट, चाकं असली मॅट कामं उरकावीत. त्यांनाही झाक येते, पण ती दिसत नाही आणि दिसली तरी खपून जाते.

पावसाळ्यात रंगवल्यावाचून राहवतच नसेल तर सलग उघडीप असलेली दुपार धरा. एसी असेल तर बॉडी आधी तासभर त्या कोरड्या खोलीत ठेवा, बाहेर आणून एक हात मारा आणि लगेच परत आत न्या. मात्र आत नेताना ती झाकणाच्या प्लास्टिक डब्यात असू दे आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर घरभर थिनरचा वास सुटतो आणि घरातली माणसं छंदावरच उठतात. नागपूर-अकोल्याकडच्यांचं दुखणं याच्या अगदी उलट असतं. मे महिन्याच्या दुपारी रंगाचा थेंब बॉडीपर्यंत पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. तिथे सकाळी लवकर रंगवायचं, कॅन थोडा जवळ धरायचा, आणि एअरब्रश असेल तर थिनरमध्ये रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव्य) घालायचा.

धुरकट झाक एकटीच असती तर बॉडी वाचली असती. झाक वरवरची असेल तर बारीक पॉलिशिंग कंपाउंडने निघते. खोल असेल तर कोरड्या दिवशी त्याच रंगाचा किंवा टीएस-१३ क्लिअरचा एक ओलसर हात मारला की खालचा थर पुन्हा सैल होतो, अडकलेलं बाष्प निघून जातं आणि झाक जाऊन रंग स्वच्छ दिसतो. एअरब्रश असणारे नुसतं लेव्हलिंग थिनर (सावकाश उडणारं, रंग सपाट बसू देणारं थिनर) फवारतात, त्यानेही तेच साधतं. पण तुमच्या रेषा बुजल्या आहेत आणि कडा उघड्या आहेत. वरून आणखी रंग टाकून कडा झाकल्या तर रेषा पुरत्या जातील. तेव्हा रंग काढून टाका.

त्यासाठी रसायनांच्या दुकानातून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. बॉडी बुडेल एवढा झाकणाचा डबा घ्या आणि बुडवून ठेवा. टीएस रंग काही तासांत सुटायला लागतो, हट्टी असला तर रात्रभर ठेवावा. जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा. खिडक्यांच्या खांबांवर जोर देऊ नका, गाडीच्या बॉडीत तेच आधी तुटतात. खालचा प्रायमर पूर्ण निघाला नाही तरी चालतं, फक्त कडा पायरीसारख्या जाणवायला नकोत. काच आणि क्रोमचे भाग त्या डब्यात घालू नका. हातमोजे घाला, आणि आसपास गॅस, उदबत्ती काही नको. मोटारीच्या रंगांसाठीचं साधं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर, पेट्रोल किंवा अ‍ॅसिटोन यांनी रंग काढायला जाऊ नका. रंगाबरोबर किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीनही विरघळेल आणि हातात चिकट गोळा येईल.

बॉडी स्वच्छ झाली की खरं काम सुरू होतं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक उंचवटा राहतो. तो बहुतेक फेंडरच्या माथ्यावरून, बंपरच्या कोपऱ्यावरून आणि मागच्या खांबावरून गेलेला असतो. कटरच्या पात्याची पाठ धरून तो खरवडायचा आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, सपाट करायचा. चकचकीत रंगाखाली हा उंचवटा राहिला तर रंग कितीही चांगला बसू दे, नजर तिथेच अडकते. खड्डा असेल तर लांबी भरा, पण मोटार गॅरेजमधली जाड लांबी नको. मिस्टर सरफेसर ५०० (मॉडेलसाठीचा दाट प्रायमर) चे दोन-तीन पातळ हात देऊन घासलं की एवढ्याशा खड्ड्याला पुरतं.

यानंतरची पायरी बहुतेक नवे लोक गाळतात. दारं, बॉनेट, डिकी, पेट्रोलचं झाकण यांच्या रेषा रंगाआधीच खोल करून घ्यायच्या. स्क्रायबर (रेषा कोरायचं टोकदार हत्यार) असेल तर उत्तम, नसेल तर पात्याच्या पाठीने त्याच रेषेतून हलके हात फिरवायचे. जोर लावला की पातं घसरतं आणि बॉनेटवर ओरखडा जातो, म्हणून वजन पात्याचंच असू दे. वळणांवर रेषेच्या कडेने जाड टेप लावून घ्यावी. दाराच्या खालच्या कडेला रेषा बहुधा सगळ्यात उथळ असते, कारण साचा त्या बाजूला ओढून निघतो. तिथे जास्त वेळ द्या. मग बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवा, फुंकून वाळवा, आणि त्यानंतर उघड्या बोटाने तिला शिवू नका. बोटाचं तेल रंगाला जागोजागी फाटवतं.

प्रायमर बारीक हवा: मिस्टर सरफेसर १२०० किंवा १५००, नाहीतर टामियाचा फाइन सरफेस प्रायमर. लाल, पिवळा, नारिंगी हे रंग जात्याच पारदर्शक असतात. करड्या प्रायमरवर ते मळकट दिसतात, आणि तो मळकटपणा घालवायला माणूस आणखी चार हात मारतो. म्हणून त्यांच्याखाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर घ्या, दोन पातळ हातांत लाल उजळतो. किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि गाडी पांढरी करायची असेल तर वेगळीच भानगड असते. लाल प्लास्टिकचा रंग वरच्या लॅकरमध्ये उतरतो आणि काही दिवसांनी पांढरी गाडी गुलाबी दिसू लागते. तिथे आधी सिल्व्हर लॅकरचा थर देऊन लाल कोंडून टाकावा, मग पांढरा.

कडांवर प्लास्टिक का उघडं पडलं तेही सांगतो. ओला रंग पृष्ठताणामुळे कडेपासून मागे सरकतो आणि सपाट भागात गोळा होतो. एकच जाड हात मारला की कडेला काही उरत नाही. म्हणून पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, खालचं दिसत राहील असे मारायचे. त्यातला पहिला फक्त कडांवर: चाकांच्या कमानी, बंपरचे ओठ, खिडक्यांच्या चौकटी, आरशांच्या जागा. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. धुक्याचा थर खरखरीत असतो, त्याला पुढचा ओला रंग धरून राहतो. शेवटचा हात मात्र ओला हवा, रंग नुकताच वाहायचा थांबलाय इतका. कॅन पंधरा-वीस सेंटिमीटरवर धरा, फवारा बॉडीच्या अलीकडे सुरू करा आणि पलीकडे जाऊन बंद करा. बॉडीवर असताना नोझलवरचं बोट काढायचं नाही, कॅन तिथेच रेंगाळूही द्यायचा नाही. थंडीत कॅन कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवला तर फवारा बारीक पडतो. कोमट म्हणजे हात सहज बुडेल इतकंच, आणि शेगडीपाशी कॅन कधीच नको.

शेगडीवरून आठवलं म्हणून सांगतो, मुंबई-पुण्यात बरेच जण बाथरूममध्ये रंगवतात. फरशी ओली केली की धूळ बसते, त्यामुळे कल्पना वाईट नाही. पण त्याच बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर तिथे कॅन उघडायचासुद्धा नाही. कॅनमधला वायूही जळतो आणि थिनरची वाफही. मास्कचं म्हणाल तर एन-९५ ने रंगाचे थेंब अडतात, थिनरची वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला अर्धमुखी मास्क घ्या. एअरब्रशच्या आधी तो घ्या.

वाळण्याबद्दल कॅनवर काय छापलंय ते विसरा. लॅकर अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण आतलं थिनर निघायला कित्येक दिवस लागतात. खात्रीची परीक्षा नाकाची आहे. बॉडी नाकाजवळ धरा, थिनरचा वास आला तर रंग अजून मऊ आहे. अशा रंगावर टेप लावली की वण उठतात, पॉलिश केलं की तो उष्णतेने ओढला जातो. घाई असणारे फळं सुकवायच्या यंत्रात चाळीस-पंचेचाळीस अंशांवर बॉडी ठेवतात, त्याने काम लवकर होतं. पण उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बॉडी वाळायला ठेवू नका. आत किती तापतंय यावर तुमचा ताबा नसतो, आणि पातळ खांब एकदा वाकले की काच पुन्हा बसत नाही.

लाल, काळा, पांढरा अशा साध्या रंगांना क्लिअरची गरज नसते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. त्यांच्या थरालाच २००० आणि मग ३००० नंबरच्या वॉटर पेपरने, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, हलकं घासलं आणि टामियाच्या कंपाउंडच्या तीन प्रतींनी क्रमाने पॉलिश केलं की आरसा होतो. एक थर वाचला, रेषा वाचल्या. घासण्याआधी उंच कडांवर टेपची अरुंद पट्टी लावा, कारण रंग तिथेच सगळ्यात पातळ असतो. मेटॅलिकला मात्र क्लिअर हवाच. तो रंग घासला की कण कापले जातात आणि डाग दिसतात. डिकॅल्सवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांवर) क्लिअर मारायचा असला तरी आधी धुक्यासारखे हात द्या. पहिलाच हात ओला मारला तर लॅकर क्लिअर डिकॅलला सुरकुत्या पाडू शकतो.

थरांचा क्रमही लक्षात ठेवा. लॅकरवर अ‍ॅक्रिलिक किंवा एनॅमल (ऑइल पेंटच्या जातीचा रंग) चालतं, एनॅमलवर लॅकर चालत नाही, खालचा थर सुरकुततो. आणि ऑनलाइन मागवताना नावातली अक्षरं नीट वाचा. टामियाचे पीएस कॅन रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहेत, किटच्या पॉलिस्टायरीनवर ते मारायचे नाहीत. टीएस आपले. स्प्रे कॅन विमानाने पाठवायला बंधनं असल्यामुळे परदेशातून येणाऱ्या किटबरोबर ते येत नाहीत आणि इथे महाग पडतात, म्हणून आपल्याकडे बरेच जण मोटारीच्या रंगांच्या दुकानातून एनसी रंग मिसळून आणतात. चालतात, पण एअरब्रशमधून, प्रायमरवर, आणि दुकानातल्या तिखट एनसी थिनरऐवजी मॉडेलसाठीच्या लेव्हलिंग थिनरने पातळ करून. आधी स्प्रूच्या (किटचे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर मारून बघा. प्लास्टिकला कोळिष्टकासारख्या बारीक भेगा पडल्या तर ते थिनर तुमचं नव्हे. दोन भाग एकत्र करून वापरायचा टू-के क्लिअर काचेसारखा बसतो हे खरंय, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही फुप्फुसांना घातक रसायनं असतात. घरात, गॅलरीत, कुठल्याही मास्कच्या भरवशावर मी तो वापरा म्हणणार नाही.

एअरब्रशचं उत्तर यात निम्मं आलंच. कॅनने उत्तम चकचकीत गाडी होते, त्यासाठी एअरब्रश लागत नाही. एअरब्रशचा फायदा पातळ थराचा, रंग आपला आपण मिसळता येण्याचा आणि आतली बारीक कामं करण्याचा. ०.३ मिलिमीटरचं नोझल, टाकी असलेला छोटा कंप्रेसर, पंधरा-वीस पीएसआय दाब, रंगाला एकास एक ते एकास दोन थिनर, एवढ्यात बहुतेक कामं भागतात. पण पैसे मोजकेच असतील तर चांगला नीपर (भाग कापायची पकड), धारदार पाती, टामियाची ६ आणि १० मिलिमीटरची टेप, वॉटर पेपरचे सगळे नंबर आणि तो मास्क आधी घ्या. कंप्रेसर पुढच्या दिवाळीला.

रंगानंतरची दोन-तीन कामं गाडीचं रूप पालटतात. खिडक्यांभोवतीचा काळा रबर शक्यतो ब्रशने करू नका. टेप लावून सेमी-ग्लॉस काळा मारा, कारण खरा रबर चकाकत नाही. जुन्या अमेरिकन गाडीची क्रोम पट्टी असेल तर रंगापेक्षा बेअर-मेटल फॉइल (मागे चिकट असलेला धातूचा पातळ पापुद्रा) बरी. ती चिकटवून काडीने दाबायची आणि प्रत्येक पट्टीला नवं पातं वापरून कापायची. उठावाच्या अक्षरांना एक जुनी युक्ती आहे. रंगाआधी अक्षरांवर फॉइल बसवायची, वरून सगळा रंग मारायचा, आणि वाळल्यावर थिनरने जेमतेम ओलसर केलेलं कापड अक्षरांच्या माथ्यावरून फिरवायचं. रंग पुसला जातो आणि खालचं फॉइल चमकतं. दारांच्या रेषांत पॅनेल लाइनचा पातळ रंग सोडताना तो काळा नको. लाल गाडीला गडद तपकिरी, पांढरीला मध्यम करडा घ्या. काळ्या रेषा काढल्या की ती गाडीचं चित्र वाटते. हा रंग एनॅमलचा असल्यामुळे रंगवलेल्या भागावर चालतो, पण ताण असलेल्या उघड्या प्लास्टिकवर सांडला तर ते तडकतं. काच बसवायला फेविक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने काचेच्या आतून पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. काडीच्या टोकावर थोडंसं फेविकॉल घ्या. ते वाळल्यावर जवळजवळ दिसत नाही, आणि चुकलं तर ओल्या कापडाने पुसता येतं.

आता ट्रक. प्रमाणाचा घोळ आधी मिटवून टाकू. अमेरिकन किट बहुतेक १/२५ ची आणि जपानी-युरोपीय बहुतेक १/२४ ची असतात. एएमटी ही मिशिगनमधली कंपनी १९४८ पासून मोटार विक्रेत्यांसाठी जाहिरातीची छोटी मॉडेल्स करत होती, आणि १९५८ साली तिने एकाच डब्यातून तीन तऱ्हेची गाडी करता येईल अशी किट आणली. त्या घराण्यातून १/२५ रुळलं. जपानमध्ये टामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा या सगळ्या शिझुओका भागातल्या कंपन्यांनी १/२४ धरलं. शेल्फवर दोन्ही शेजारी ठेवली तरी फरक डोळ्याला फारसा कळत नाही, पण एकाची चाकं दुसऱ्याला लावताना कळतो. ट्रकमध्ये युरोपीय हवा असेल तर इटालेरी आणि जर्मन रेवेल, लांब नाकाचा अमेरिकन हवा असेल तर एएमटीची जुनी केनवर्थ, पीटरबिल्ट. एएमटीचे साचे जुने आहेत. तपशील आणि आकार झकास, जोड सैल.

गाडीत सगळं बॉडीवर अवलंबून असतं, ट्रकमध्ये सांगाड्यावर. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे यांतून फ्रेम होते, आणि त्यात एका बाजूला अर्धा मिलिमीटर पीळ राहिला तर शेवटी दहापैकी एक चाक हवेत लटकतं. तेव्हा सगळी जोडणी जाड काचेवर किंवा सपाट फरशीवर करा. आधी सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) न लावता बसवून बघा. किटमधल्या लांब पट्ट्या डब्यातच वाकून आलेल्या असतात, त्या गरम पाण्यात बुडवून सरळ करून घ्या. प्रत्येक दांड्याला सुताराचा छोटा गुण्या लावा. पातळ सिमेंट सांध्यावर ब्रश टेकवून सोडायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. मग काचेवर वजन ठेवून एक रात्र हात लावायचा नाही. स्प्रिंगच्या पाट्या आणि अ‍ॅक्सल बसवल्यावर चाकं तात्पुरती अडकवून सगळी काचेला टेकतात का ते बघायचं. हे रंगाआधी बघायचं, कारण नंतर दुरुस्तीला जागा नाही.

दुसरा फरक केबिनचा. गाडीची बॉडी एका तुकड्यात येते. युरोपीय ट्रकची केबिन पुढचा भाग, बाजू, मागची भिंत आणि छत अशा तुकड्यांत असते. हे तुकडे सुटे रंगवून जोडले तर सांध्यांवर सिमेंटचे डाग पडतात आणि फटी दिसतात. म्हणून बाहेरचं कवच आधी जोडा, सांधे घासा, लांबी भरा, प्रायमर मारा, आणि मग एका गाडीसारखं रंगवा. आतली बैठक, डॅशबोर्ड खालून सरकवता येतो का ते आधी पाहून ठेवा. बहुतेक किटमध्ये येतो, पण सूचनापत्रक तसं सांगत नाही. पत्रकातला क्रम किटच्या भागांचा असतो, रंगवणाऱ्याच्या सोयीचा नसतो. पहिल्या दिवशी पत्रक पुढे घेऊन पेन्सिलीने आपला क्रम लिहून काढावा.

तिसरा फरक चकाकीचा. ट्रकची केबिन चकचकीत, फ्रेम सेमी-ग्लॉस, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल जवळजवळ मॅट, डिझेलची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिचा पोत वेगळा. एकाच काळ्याच्या तीन छटा शेजारी दिसल्या की डोळा ट्रक ओळखतो. किटमधलं क्रोम मला फार झगझगीत वाटतं, आणि स्प्रूपासून कापल्यावर त्यावर व्रण राहतोच. हे क्रोम म्हणजे लॅकरवर चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवला की विरघळून जातो. मग घासून, चकचकीत काळ्यावर अ‍ॅलक्लॅडसारखा धातूरंग पातळ मारावा. टायरचा मधला उंचवटा वॉटर पेपरने घासून काढा, त्याच घासण्याने तळव्याची खोटी चमकही जाते. जुन्या किटचे मऊ व्हिनाइल टायर प्लास्टिकच्या रिमला वर्षानुवर्षं चिकटून राहिले तर रिम खातात. असं जुनं किट हाती आलं तर डब्यातसुद्धा टायर वेगळ्या पिशवीत ठेवा.

धूळ-मातीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. युरोपातला लांब पल्ल्याचा ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) सहसा धुतलेला असतो, त्यावर खाणीतल्या डंपरचा गंज शोभत नाही. चाकांच्या मागे उडालेली राखाडी झाक, डिझेलच्या तोंडाशी एक ओघळ, ट्रेलर जोडायच्या पाचव्या चाकाच्या पत्र्यावर ग्रीसचा काळपट थर, एवढं पुरे. पाचवं चाक कोरडं आणि स्वच्छ ठेवलेले ट्रक मी प्रदर्शनात बघतो तेव्हा कळतं की करणाऱ्याने खरा ट्रक मागून पाहिलेला नाही. कुठल्याही ट्रक टर्मिनलवर जाऊन फ्रेमचे फोटो काढा, ड्रायव्हरला आधी विचारा, बहुतेक जण हौसेने दाखवतात.

आपला ट्रक करायचा मोह पुढे होईलच. टाटांच्या जुन्या ट्रकची मुळं मर्सिडीजमध्ये आहेत, टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. म्हणून त्या काळच्या गोल नाकाच्या मर्सिडीजचं किट मिळालं तर केबिनचा पाया तयार मिळतो. मागची लाकडी बॉडी पॉलिस्टायरीनच्या पट्ट्यांतून फळी-फळीने उभी करायची. आपल्याकडे एसटीच्या गाड्या सनबोर्डमधून फार सुंदर करणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडून मोजमापं घ्यायला आणि खिडक्यांच्या रांगा सरळ कापायला शिकण्यासारखं आहे. पण सनबोर्ड फोमचा असतो. त्याला मॉडेलचं सिमेंट लागू पडत नाही, आणि त्याच्या काही जाती लॅकरच्या थिनरने खचतात. दोन्ही सामग्री एकाच ट्रकमध्ये वापरणार असाल तर सांध्याची आणि रंगाची चाचणी कतरणीवर घ्या. पाठीवरची नक्षी, मोर आणि हॉर्न ओके प्लीज हे डिकॅलच्या कोऱ्या कागदावर छापता येतं, मात्र घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, म्हणून त्या जागी आधी पांढरा रंग हवा.

पहिला ट्रक म्हणून इटालेरी किंवा रेवेलचा दोन अ‍ॅक्सलचा नुसता ट्रॅक्टर घ्या. सहा मीटरचा ट्रॅक्टर पंचवीस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे गाडीपेक्षा फार मोठा नाही. ट्रेलरचं किट एकदम घेऊ नका. युरोपातली साडेसोळा मीटरची जोडगाडी १/२४ मध्ये एकोणसत्तर सेंटिमीटर भरते, आणि तिच्या बाजूच्या भिंतीएवढा सलग सपाट भाग कॅनने एकसारखा रंगवणं हे गाडीच्या बॉडीपेक्षा अवघड काम आहे. डबा घ्यायच्या आधी कपाटाची खोलीही मोजून घ्या.